केन्सल ग्रीनला ब्रुनेल आहे, आणि आपले द्वारकानाथही

तुम्ही विचारलंय, लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत रेल्वे-जहाजांच्या दुनियेतलं कोण कोण आहे, आणि मुद्दाम जाण्यासारखं आहे का.

जावा की! लेकीकडे गेलो होतो तेव्हा एक अख्खी सकाळ मी तिथं काढली. "बाबा, राजवाडा सोडून स्मशानात?" म्हणून ती हसली. आमचं घर बेळगावच्या टिळकवाडीत, रेल्वे गेटाजवळ. आयुष्य फाटक उघडायची वाट बघण्यात गेलं, तिला काय सांगणार?

इझम्बार्ड ब्रुनेलच्या कबरीवरून मी दोनदा पुढे निघून गेलो. लंडन-ब्रिस्टल रेल्वे बांधणारा माणूस, म्हणजे पुतळाबितळा असणार असं धरून चाललो होतो. निघाला पांढऱ्या संगमरवराचा बुटका, साधा ठोकळा. वडील मार्कही तिथंच. त्यांनी थेम्स नदीखाली खणलेला बोगदा १८४३ साली खुला झाला, आजही त्यातून गाड्या धावतात. मुलगा १८५९ मध्ये स्वतःच आराखडा केलेल्या 'ग्रेट ईस्टर्न' जहाजावर असतानाच झटका येऊन कोसळला, दहा दिवसांत गेला. पुढं १८७० साली त्याच जहाजानं मुंबई-एडन तारेची केबल समुद्रात टाकली.

ब्रुनेलच्या दोन रुळांमधलं अंतर सात फूट, बाकीच्यांचं चार फूट साडेआठ इंच. दोन्ही ग्लॉस्टरला भेटायचे आणि सगळा माल या डब्यातून त्या डब्यात. हे वाचून मला मिरजच आठवलं. बेळगावहून मीटरगेजनं यायचं, ट्रंक हमालाच्या डोक्यावर द्यायची, आईनं लोणच्याची बरणी स्वतःच्याच हातात धरायची आणि पुण्याची ब्रॉडगेज गाठायला पळायचं. आमचं ते दुखणं नव्वदच्या दशकात संपलं. ब्रुनेलचा रूळ १८९२ साली कायमचा उखडला.

रेल्वे बांधणारा आणखी एक इंजिनिअर, जोसेफ लॉकही तिथंच आहे. हा गडी बोगदे टाळायचा, त्यापेक्षा चढ परवडला म्हणायचा. इंजिनिअर असाल तर बघा, नाहीतर सोडा.

पण द्वारकानाथ टागोरांना चुकवू नका. रवींद्रनाथांचे आजोबा, १८४६ मध्ये लंडनलाच वारले. राणीगंजच्या कोळसाखाणी, हुगळीवर वाफेच्या टगबोटी आणि त्या कोळशासाठी रेल्वे काढायची धडपड, असा तो माणूस. आपल्याकडे त्यांची ओळख नातवापुरतीच!

लंडनच्या भुयारी रेल्वेचं, बेकरलू लाइनवरचं केन्सल ग्रीन स्टेशन जवळ पडतं. दफनभूमीला लागून कालवा आहे, त्याच्या पलीकडून पॅडिंग्टनच्या गाड्या जातात. ती लाइन ब्रुनेलचीच.