कॅनडातील मुलीकडे जायचे आहे : अर्ज कसा करावा?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई कॅनडात कायमचे रहिवासी असून काही महिन्यांनी मुलीचे बाळंतपण आहे. मी खानापूर तालुक्यातील सरकारी मराठी शाळेतून निवृत्त झालो आहे. आम्हा दोघांचे अर्ज मुलगी तिकडूनच ऑनलाइन भरणार आहे. निवृत्तिवेतनाचे कागद आणि जमिनीचा उतारा कन्नडमध्ये आहेत. त्यांचे इंग्रजी भाषांतर करून देण्यास माझा पुतण्या तयार आहे. जमीन अद्याप दिवंगत वडिलांच्या नावावर आहे. साधा व्हिसा घ्यावा की आई-वडिलांसाठी असलेला ‘सुपर व्हिसा’, आणि मुलीचे निमंत्रणपत्र पुरेसे होईल का? – एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : निमंत्रणपत्र जोडावेच, परंतु सारी भिस्त त्यावर ठेवू नये. आपण कोणाकडे, कशासाठी आणि किती दिवस जाणार, राहण्याचा व खर्चाचा भार कोण उचलणार, एवढे त्यातून कळते. मुदत संपण्यापूर्वी आपण परत याल, ही व्हिसा अधिकाऱ्याला हवी असलेली खात्री मात्र आपल्या इथल्या कागदांतूनच पटते. दरमहा जमा होणारे निवृत्तिवेतन, घर, शेती आणि मागे राहणारे कुटुंब यांचे पुरावे मुलीच्या पत्राहून अधिक बोलतात. अर्जाच्या तोंडावर कोणाकडून तरी घेऊन खात्यात भरलेली मोठी रक्कम उलट शंका निर्माण करते.

पुतण्याकडून भाषांतर करून घेऊ नये. कॅनडाच्या नियमांनुसार अर्जदाराने स्वतः किंवा त्याच्या कुटुंबीयांनी केलेले भाषांतर चालत नाही, आणि कुटुंबीयांत पुतणे-भाचेही धरले जातात, मग तो कितीही जाणकार असो. त्रयस्थ भाषांतरकाराकडून काम करून घ्यावे; तो अधिकृत प्रमाणित भाषांतरकार नसेल, तर भाषांतर अचूक असल्याचे त्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून मूळ कन्नड कागदाच्या प्रतीसह जोडावे.

जमिनीचा प्रश्न आपल्या भागात घरोघरी आहे. वारसा नोंद झालेली नसेल, तर केवळ वडिलांच्या नावाचा आरटीसी (कर्नाटकातील जमिनीचा) उतारा जोडून तो आपल्या मालकीचा पुरावा ठरत नाही. उताऱ्यासोबत वडिलांचा मृत्यू दाखला आणि वंशावळ द्यावी व त्यांचा परस्परसंबंध एका छोट्या पत्रात स्पष्ट करावा. वेळ असेल तर नोंद आधी करून घेतलेली उत्तम. पण केवळ तेवढ्यासाठी अर्ज अडवून ठेवण्याचे कारण नाही, कारण आपला खरा आधार निवृत्तिवेतन आहे.

नावांकडेही लक्ष द्यावे. कन्नडमधून इंग्रजीत उतरताना आपल्या आडनावांची अक्षरे बदलतात, आणि विवाहित स्त्रीच्या जुन्या कागदांवर माहेरचे नाव असते. अर्जात पासपोर्टवरचेच नाव लिहून फरकाचा खुलासा विवाह प्रमाणपत्राने करावा. जन्मस्थानही पासपोर्टप्रमाणेच लिहावे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे अधिकृत नाव बदलल्यामुळे जुन्या आणि नव्या कागदांवर वेगवेगळी स्पेलिंग आढळतात, त्याची चिंता करू नये.

सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी मुलीच्या घरचे उत्पन्न ठरलेल्या किमान मर्यादेइतके असावे लागते, आणि कुटुंबाची संख्या मोजताना आपण दोघेही धरले जाता. प्रत्येकी किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, किमान एक वर्षाचा आरोग्य विमा आणि वैद्यकीय तपासणीही आवश्यक आहे. केवळ बाळंतपणापुरते जायचे असेल, तर एवढा खटाटोप करू नये असे माझे मत आहे. साध्या व्हिसावर बहुधा सहा महिने राहता येते, आणि तेथे असताना मुदत संपण्यापूर्वी वाढीसाठी अर्जही करता येतो. साध्या व्हिसाला विमा सक्तीचा नसला तरी या वयात तो न घेता जाऊ नये. भेटीचे कारण बाळंतपण आहे, हे लपवण्याचे काहीच कारण नाही.

मुलगी अर्ज भरत असली तरी त्यात काय लिहिले आहे ते सादर करण्यापूर्वी आपण दोघांनी ओळीने वाचावे, कारण उत्तरे आपल्या नावावर जातात. चुकीची माहिती दिल्याचे ठरल्यास पाच वर्षे कॅनडात प्रवेश बंद होऊ शकतो. ‘व्हिसा हमखास’ म्हणणाऱ्या एजंटाच्या वाटेला जाऊ नये. पैसे घेऊन असा सल्ला देण्याचा अधिकार कॅनडात परवानाधारक सल्लागारांना आणि वकिलांनाच आहे.

अर्ज दाखल झाल्यावर बोटांचे ठसे व छायाचित्र देण्याचे पत्र येते आणि त्यानंतर ३० दिवसांत व्हिसा अर्ज केंद्रावर जावे लागते. बेळगावहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्री निघून बंगळूरचे केंद्र गाठणे सोयीचे आहे, मात्र भेटीची वेळ आधी ठरवून घ्यावी. व्हिसा मिळाल्यावरही किती काळ राहायचे ते तेथील विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. म्हणून निमंत्रणपत्र, परतीचे तिकीट आणि विम्याचे कागद मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावेत.