हेडफोन लावला तरी खालच्यांना ऐकू जातं: फ्लॅटमधला पहिला डिजिटल पियानो

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात मनीषनगरला फ्लॅट स्कीममध्ये तिसऱ्या मजल्यावर घर, मुलगी आठ वर्षांची, तिला पियानो शिकायचाय, बजेट ४५ हजार, शेजाऱ्यांना त्रास नको. बर्डीतला दुकानदार म्हणतो, आधी ६१ कीचा कीबोर्ड घ्या, आवड टिकली तर मोठा घेऊ. काय करावं?

दुकानदाराचं हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं, म्हणून सुरुवात त्यापासूनच. कीबोर्ड आणि डिजिटल पियानो उघडून दुरुस्त करणं हे माझं काम आहे. दोन्हींच्या आत काय असतं ते मी रोज बघतो.

खऱ्या पियानोची की दाबायला साधारण ५० ग्रॅमचा भार लागतो. आत तारेवर आपटणारा हॅमर उचलला जातो आणि सोडल्यावर तो आपल्या वजनाने परत येतो. वेटेड डिजिटल पियानोत तार नसते, पण हॅमरच्या जागी वजन असतंच. ६१ कीच्या कीबोर्डात पोकळ प्लास्टिकची की असते आणि तिला वर ढकलणारी स्प्रिंग. त्यावर वर्षभर बसलेलं मूल पियानोसमोर आलं की हळू वाजवताना अर्धे सूर गाळतं आणि जोरात वाजवताना मनगट आवळतं. मग आईबाप म्हणतात, बघा, हिची आवडच गेली. आवड जाणार नाही तर काय होईल? शिवाय यामाहा पीएसआर-एफ५२सारख्या सुरुवातीच्या मॉडेलला टच रिस्पॉन्सच नाही. हळू दाबा, जोरात दाबा, आवाज तेवढाच. पुढे लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षा द्यायच्या झाल्या तर तिथेही पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड यांचे अभ्यासक्रम वेगळे आहेत.

तेव्हा ८८ की आणि हॅमर ॲक्शन, यावर तडजोड नको. तुमच्या बजेटच्या आसपास कॅसिओ सीडीपी-एस११० आणि यामाहा पी-१४५ येतात, रोलंड एफपी-१० थोडा वर जातो. कीसाठी माझं मत रोलंडला. त्यात प्रत्येक कीला तीन सेन्सर आहेत, त्यामुळे की पूर्ण वर न येता तोच सूर पुन्हा वाजतो. पॉलिफोनी, म्हणजे एकाच वेळी वाजू शकणारे सूर, त्याची ९६, बाकी दोघांची ६४. पहिली काही वर्षं ६४ भरपूर झाली. स्पीकरचे वॅट मोजत बसू नका, सहा-आठ वॅटच्या जोडीने फ्लॅटची खोली भरते.

दुकानात पियानो बंद ठेवूनच आधी की दाबा. नुसता ठकठक आवाज किती येतो ते ऐका, कारण फ्लॅटमध्ये भांडण त्याच्यावरूनच होणार आहे. मग पांढरी की दोन काळ्यांच्या मध्ये, अगदी आत दाबून बघा. सडपातळ मॉडेलमध्ये की मागे आखूड असते, म्हणून तिथे ती जड लागते. मुलांची बोटं लवकरच तिथे जातात.

आता शेजारी. हेडफोन लावला की त्रास मिटला, असं सगळे धरून चालतात. हेडफोनने फक्त स्पीकर बंद होतो. की खाली बसताना फेल्टवर आदळते, तो धक्का बॉडीतून स्टँडमध्ये, स्टँडच्या पायांतून टाइलमध्ये आणि टाइलमधून स्लॅबमध्ये उतरतो. तुमच्या खोलीत ती हलकी टकटक वाटते, खालच्यांच्या बेडरूममध्ये मात्र छतातून धप-धप येते. सूर लांबवणाऱ्या पेडलवर पाय आपटला की अजूनच.

उपाय असा. लकडगंजच्या लाकूडबाजारातून १८ मिमीचा प्लाय पाच फूट बाय अडीच फूट कापून आणा, जमल्यास दोन थर चिकटवून, कारण फळी जितकी जड तितकी चांगली. तिच्याखाली रबरी पॅड सहा, चार कोपऱ्यांना आणि दोन लांब बाजूंच्या मध्ये, नाहीतर फळी मध्ये लवते. पॅड घेताना एक गोष्ट बघा, ती कोणी सांगत नाही. वॉशिंग मशीनचे म्हणून मिळणारे बरेच पॅड ६०-७० किलोसाठी केलेले असतात. तुमचा पियानो, स्टँड आणि फळी मिळून तेवढं होत नाही, तेवढ्याला कडक पॅड दबतच नाही आणि धक्का सरळ खाली जातो. पॅड अंगठ्याने दाबला तर दबला पाहिजे. मुलांच्या खोलीतल्या रंगीत फोमच्या मॅट थेट स्टँडखाली घालू नका. बारीक पायांखाली त्या चपट्या होतात आणि उरतं ते शून्य. पेडल फळीवरच ठेवा, खाली टाइलवर नको. फळी भिंतीपासून आणि स्कर्टिंगपासून दोन बोटं लांब राहिली पाहिजे, एक कोपरा टेकला तरी सगळा खर्च वाया. मग मुलीला वाजवायला बसवून स्वतः खालच्यांकडे जा आणि त्यांच्या खोलीत उभं राहून ऐका.

हेडफोनचा आवाज फार कमी ठेवू नका. मुलाला स्वतःचं वाजवणं ऐकू आलं नाही की ते कीवर जोर काढतं. कानाला सुखाचा, मध्यम आवाज ठेवा. त्यात ऐकू येईल इतक्या हलक्या हाताने वाजवायची सवय लागते. हेडफोन वायरचाच. ब्लूटूथ हेडफोनात की दाबणं आणि आवाज येणं यांत फरक पडतो आणि ताल सुटतो. रोलंडमध्ये ब्लूटूथ आहे, पण ते ॲपशी जोडायला, हेडफोनला नाही. जॅक कुठे ३.५ मिमी, कुठे ६.३५ मिमी असतो. कन्व्हर्टर दुकानातूनच घेऊन या.

स्टँड एक्स आकाराचा घेऊ नका. डोलतो आणि गुडघ्यांना लागतो. चार पायांचा किंवा झेड आकाराचा घ्या, कीचा वरचा भाग जमिनीपासून ७२-७३ सेंमीवर येईल असा. आठ वर्षांच्या मुलीचे पाय लोंबकळतात, त्यांच्याखाली घरातला पाट द्या. सोबत येणारं पेडल बहुधा छोटं बटणच असतं, सुरुवातीला चालतं. पियानो चालू करताना पेडलवर पाय नको. बरीच मॉडेल त्याच क्षणी पेडलची पोलॅरिटी, म्हणजे दाबलेलं कोणतं आणि सुटलेलं कोणतं, ते ओळखतात, आणि पाय असला तर नंतर उलटं चालतं: पाय काढला की सूर लांबतो, दाबला की तुटतो. पेडल बिघडलं म्हणून लोक घेऊन येतात. बंद करून, पाय काढून पुन्हा चालू केलं की संपलं.

नागपुरात पियानोचा खरा शत्रू कूलर. प्रत्येक कीखाली रबराची पट्टी असते, तिच्यात कार्बनचे दोन छोटे ठिपके (तीन सेन्सरवाल्यात तीन). की दाबली की एक आधी टेकतो, दुसरा नंतर. दोघांमधला वेळ मोजून पियानो ठरवतो तुम्ही किती जोरात दाबलं. कूलरच्या झोतातली ओल आणि धूळ या ठिपक्यांवर बसली की वेळेचा हिशोब बिघडतो. मग एखादी की मुकी होते, नाहीतर हळू दाबली तरी किंचाळते. साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न झडणारं कापड लागतं, पण ८८ की काढून परत बसवण्यात जीव जातो. म्हणून पियानो झोतासमोर ठेवू नका आणि वाजवून झालं की झाका. यामाहाच्या मॅन्युअलात वापराचं तापमान ५ ते ४० अंश दिलंय. आपल्याकडे २३ मे २०१३ला ४७.९ होतं. वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत मे महिन्यात दुपारी तीनला वाजवायला बसवू नका, आणि नवा पियानो आणताना तो उन्हातल्या गाडीत ठेवून रसवंतीवर थांबू नका.

ट्रान्सपोज, म्हणजे पट्टी बदलणाऱ्या बटणाचंही सांगून ठेवतो. हार्मोनियमवाल्या घरात काळी चारचं गाणं पांढरी एकमध्ये वाजवून बटणाने चढवायची सवय असते. पियानो शिकणाऱ्या मुलीला ते बटण दाखवूच नका.

जुना घ्यायचा तर यामाहा पी-४५ चालेल. पण ८८च्या ८८ की एकेक करून हलक्या हाताने दाबा. जोरात दाबल्यावर खराब कीसुद्धा वाजते. ॲडॅप्टर मूळचा आहे का बघा, नसेल तर व्होल्टेज आणि पोलॅरिटी (प्लस-मायनस) लेबलवर जुळवूनच दुसरा लावा.

एक अपवाद मात्र सांगायला हवा. मुलीला पियानो नकोच असेल, सिनेमाची गाणी ऱ्हिदम लावून वाजवायची असतील, ग्रुपमध्ये उभं राहून वाजवायचं असेल, तर ६१ कीचा कीबोर्डच बरा. या पियानोंवर ते सगळं नीट होत नाही. तेव्हा टच रिस्पॉन्स असलेला घ्या आणि वर सांगितलेल्या प्लायचा खर्च वाचवा.