फणसाखालची मारुती

सदर : घरचं गॅरेज

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे वडील गेल्या वर्षी गेले. त्यांची १९९६ ची पांढरी मारुती ८०० लांज्याच्या घरी २०१६ पासून फणसाखाली उभी आहे. मी डोंबिवलीला असतो, महिन्यातून एकदा गावी जातो. भंगारवाला बारा हजार द्यायला तयार आहे. आई म्हणते, देऊन टाक, त्यात साप निघायचे. मला मात्र ती स्वतःच्या हातानं चालती करायची आहे. गावातला एक मेकॅनिक म्हणाला, नवीन बॅटरी लावा, दोन लिटर पेट्रोल टाका, पहिल्या सेल्फला सुरू होईल. पुढच्या खेपेला तसं करू का? आणि एकूण खर्च किती येईल? – एक वाचक, लांजा

उत्तर : नका करू. सुरू होईल, हीच तर भीती आहे.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली. तिथे गाडीचं पहिलं पाहायचं ते ब्रेक. हे सगळं माहीत असताना मी स्वतःच्या गाडीच्या बाबतीत माती खाल्ली. २०११ साली कराडजवळच्या एका वस्तीवर मला १९९२ ची ८०० अठरा हजारांना मिळाली. सहा वर्षं गोठ्याच्या आडोशाला उभी होती. पहिल्याच रविवारी बॅटरी जोडली, पेट्रोल ओतलं आणि काय सांगू, चौथ्या सेल्फला इंजिन लागलं. तीन सिलिंडरचा तो टर्रर्र आवाज ऐकून पोरं नाचायला लागली. मीही चढलो आणि गिअर टाकला. उतारावर ब्रेक दाबला तर पेडल सरळ फळीला. हँडब्रेकची केबल आतून गंजून तुटलेली. पुढे कडब्याची गंज होती म्हणून वाचलो. आमच्या वस्तीवर अजून म्हणतात, गंजलेली गाडी गंजीत गेली.

तेव्हा आधी थांबेल का ते बघा. चालण्याचं पुढे बघू.

त्याच्याही आधी एक खेप कागदांसाठी खर्चा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. तुमची २०११ ला एकदा झाली असणार आणि २०१६ ला राहून गेली असणार, म्हणूनच ती फणसाखाली आली. पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायलाच बंदी, हे दिल्लीच्या परिसराचं. आपल्याकडे तपासणीत पास झाली तर चालते. पण शुल्क वाढलंय. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क दहा हजार आहे. विलंबाचे पैसे, पर्यावरण कर आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट हे सगळं वेगळं. शिवाय गाडी वडिलांच्या नावावर. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, नूतनीकरणाला फॉर्म २५. मृत्यूनंतर तीन महिन्यांत करायचं काम आहे, तुम्हाला उशीर झालाय, तरी आता करून घ्या. आरसी बुक, चेसिस नंबरचा फोटो आणि मृत्यूचा दाखला घेऊन रत्नागिरीच्या आरटीओत जा आणि एकूण आकडा कागदावर लिहून आणा. तो पाहून मन बदललं तर बदलू दे, त्यात कमीपणा नाही. पाना हातात घेतल्यावर मन बदललं तर मात्र अर्धी उघडलेली गाडी भंगारवाला आठ हजारांनाच मागेल.

आता गाडी. आईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. बोनेट आणि डिकी काठीनं उघडा, सीटखाली आधी टॉर्च मारा. माझ्या एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी शेंगांची टरफलं भरली होती आणि वायरिंगचं आवरण कुरतडून ठेवलं होतं.

गाडी जॅकवर घेताना कोकणातली एक वाईट सवय टाळा. चाक काढलं की खाली जांभ्याचा चिरा सरकवतात. चिरा भिंतीत ठीक, पण एका कोपऱ्यावर वजन आलं की काही न सांगता फुटतो. गाडीला आधार द्यायच्या लोखंडी घोड्या (स्टँड) मिळतात, दोन घ्या. अंगण मातीचं असेल तर जॅक आणि घोडी दोन्हींखाली जाड फळी ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, नट शोधायलासुद्धा नाही.

मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम उघडा. दहा वर्षांत ते लायनरला चिकटलेले असतात. हँडब्रेकची केबल सैल करून लाकडी हातोडीनं चहूबाजूंनी ठोका, नाहीच निघाले तर पुलर, म्हणजे ओढून काढायचं हत्यार, लावा. आतली काळी पूड फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसा. व्हील सिलिंडरचं रबर उचलून पाहा. आत तपकिरी चिखल दिसला तर पिस्टन जाम आहे. तिथे किट टाकून वाचवत बसू नका, सिलिंडर नवाच घाला. पुढे डिस्क आहे की ड्रम ते चाक काढल्यावर दिसेलच. नियम तोच, जे अडकतंय ते बदलायचं. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलतो तो) आणि रबरी होजही नवे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि लांज्याच्या हवेत पाण्याला काय तोटा? म्हणून डबा ताजा फोडायचा, आधीचा अर्धा उरलेला नाही.

मग ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायची, आणि हे काम दोघांचं. आमच्याकडे बायको ड्रायव्हरच्या सीटवर भुईमुगाच्या शेंगांची पाटी घेऊन बसली. मी मागच्या डाव्या चाकापाशी, कारण मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांब तेच. ती तीन-चारदा पेडल दाबून "धरलंय" म्हणायची, मी चाकापाशी हवा सोडायचा निपल अर्धा फेरा उघडायचो, बुडबुडे बाटलीत यायचे, निपल बंद करून मी "सोड" म्हणायचो. एकदा तिनं मी म्हणायच्या आधीच पाय उचलला आणि सगळी हवा परत आत. त्यावरून झालेलं भांडण इथे लिहीत नाही. आईंना बसवणार असाल तर क्रम आधी दोनदा समजावून सांगा. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग उचलतं.

दुसरं काम फ्लोअरचं. सीटा काढा, रबरी मॅट काढा, त्याखालचा फेल्ट काढा. तो अजून ओला असेल, पैज लावतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पत्रा ठोकत जा. टण् वाजला तर चांगला, थप् वाजला तर टोचून बघा. बहुतेकदा पायांपाशी आणि दारांखालच्या रनिंग बोर्डमध्ये सडलेला निघतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती फणसाच्या पाल्यानं बुजलेली असणार. माडाच्या खराट्याचा हीर घेऊन ती मोकळी करा. याहून चांगलं हत्यार कुठल्याही दुकानात मिळत नाही. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणं हे मात्र तुमचं काम नाही, डेंटिंगवाल्याला घरी बोलवा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर सोडा आणि पेट्रोलची टाकी खाली उतरवून लांब ठेवा. टाकीलाच भोक असेल तर तिला वेल्डिंग करू देऊ नका. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, आतली वाफ पेटते. जुन्या बाजारात चांगली टाकी मिळते, ती घ्या.

वेल्डिंगवर प्रायमर, जोडांवर सीलर, मग अंडरकोटिंग. खालून जळकं ऑइल फासायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ते रबरी बुश फुगवतं आणि अंगणात गळत राहतं.

आता तुमचं लाडकं इंजिन. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं आणि स्वभावानं गरीब. आधी प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी गाडी न्यूट्रलला, खालच्या मोठ्या पुलीच्या नटाला गोटी पाना लावून हातानं फिरवा. फिरलं तर नमस्कार करा. अडलं तर जोर करू नका, पुन्हा ऑइल सोडा आणि पुढच्या खेपेपर्यंत राहू द्या. टायमिंग बेल्ट किती किलोमीटर चाललाय ते विचारू नका. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. नवा घाला. ऑइल आणि फिल्टर बदला.

टाकीतलं पेट्रोल उघड्यावर काढा. वॉर्निशसारखा वास येईल. ते गाडीत, स्कूटरमध्ये, गवत कापायच्या मशिनमध्ये, कशातच वापरू नका. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला, आणि घेताना इथेनॉलला टिकणारे मागून घ्या. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं आणि १९९६ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही. कार्बोरेटर उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, चारही बाजूंनी. व्हॅक्यूमचे पाइप कुठला कुठे हे तुम्हाला आठवणार नाही, मलाही आठवलं नव्हतं. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, तार घालू नका, भोक मोठं होतं आणि मग गाडी आयुष्यभर पेट्रोल पिते. कार्ब क्लीनरचा फवारा आणि हवा पुरते.

रेडिएटर, अर्थिंगच्या वायरी, हॉर्न, वायपर ही रविवारची किरकोळ कामं. टायरवर चार आकडे शोधा. २३१४ असेल तर २०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी काढून टाका.

रंग सगळ्यात शेवटी आणि दिवाळीनंतर. पावसाळी दमट हवेत मारलेल्या रंगावर पांढरट झाक येते.

खर्चाचं विचारलंत, तर माझ्या वहीतला हिशोब देतो. चौदा महिने लागले. भाव तेव्हाचे, आज वाढवून धरा. पत्र्याचं काम १४,५००, रंग १२,०००, टायर ७,२००, ब्रेक ३,१००, बेल्ट-कार्बोरेटर-पाइप वगैरे २,८५०, बॅटरी २,६०० आणि किरकोळ १,१००. एकूण ४३,३५०. ज्यानं जीव वाचतो ते तीन हजारांत झालं, आणि शेजारी "वा" म्हणाले त्याला बारा हजार लागले. सुट्या भागांची काळजी करू नका. पहिली ८०० डिसेंबर १९८३ मध्ये दिली गेली आणि उत्पादन थांबलं जानेवारी २०१४ मध्ये. त्याच इंजिनाची ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती. तालुक्याच्या दुकानातही बरंच काही मिळतं.

आणि त्या मेकॅनिकशी वाकडं घेऊ नका. ड्रम निघाला नाही तर पुलर त्याच्याकडेच मागायचाय.

प्रश्न : काका, मी ९८ ची ८०० पंचावन्न हजारांना बघून आलोय. नवा लाल रंग, आरशासारखा. घेऊ का? – एक विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : फ्रिजवरचं लोहचुंबक काढ, रुमालात गुंडाळ आणि परत जाऊन बघ. चाकांवरच्या कमानी, रनिंग बोर्ड आणि दारांच्या खालच्या कडा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरली आहे. एकानं आणलेल्या अशाच चकचकीत गाडीचा रनिंग बोर्ड मी खरवडला, तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वर लांबी लावलेली. वर्तमानपत्र शाबूत होतं, पत्रा नव्हता. विकणारा मॅट उचलू देत नसेल तर चहा पिऊन घरी ये. आणि आरसीची मुदत वाचल्याशिवाय इसार देऊ नकोस.

प्रश्न : आम्ही मस्कतला असतो. सांगलीची गाडी वर्षातले दहा महिने बंद असते. भाऊ अधूनमधून पाच मिनिटं सुरू करून ठेवतो. एवढं पुरे का? – एक वाचक, मस्कत

उत्तर : पाच मिनिटांनी तोटाच होतो. इंजिन गरम होत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि सेल्फनं खाल्लेली बॅटरीही भरत नाही. भाऊंना सांगा, पंधरवड्यातून एकदा हरिपूरला जाऊन या, संगमावर बसा, परत या. ते जमणार नसेल तर बॅटरीची वायर सोडून ठेवा, टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा. आणि हँडब्रेक ओढून ठेवू नका; गाडी गिअरमध्ये, चाकाला पुढून-मागून वीट. वीट काढायची आठवण राहावी म्हणून चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा. भाऊंची मी खात्री देत नाही.