एमआरआयमध्ये पांढरे डाग आले म्हणजे एमएसच का? डॉक्टर पाठीतलं पाणी काढायला सांगतायत, ते गरजेचं आहे का?

नुसत्या डागांवरून एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, ज्यात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करते) ठरत नाही. डाग मायग्रेनवाल्यांना दिसतात, बीपी-शुगरवाल्यांना दिसतात, वयानेही येतात. न्यूरोलॉजिस्ट बघतो की डाग मेंदूत आणि मज्जारज्जूत ठरावीक ठिकाणी आहेत का आणि वेगवेगळ्या वेळी आलेत का. कॉन्ट्रास्ट (एमआरआयच्या वेळी शिरेतून द्यायचं औषध) दिल्यावर ताजे डाग चमकतात, जुने नाही, त्यावरून वेळ कळते.

आता पाण्याचं सांगते, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी कमरेत सुई घालून तपासायला काढतात त्याचं, कारण याच्यावरून आमच्याकडे महाभारत झालंय. माझी धाकटी बहीण ऐरोलीला राहते. तिचा उजवा डोळा फिरवला की दुखायचा आणि त्या डोळ्याने कुंकवाचा लाल रंग विटल्यासारखा दिसायचा. डाव्या पायाला मुंग्याही येत होत्या, त्या सगळ्यांनी अशक्तपणावर ढकलल्या. चष्मेवाल्याने नंबर बदलून दिला. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरने बाहुलीवर टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला नस सुजलीय, आधी न्यूरोकडे जा. मग मेंदू आणि मणक्याचा एमआरआय झाला, स्क्रीनवरचे हलणारे काळे-पांढरे चौकोन बघत बसायची, डोळ्याची नस तपासणारी व्हीईपी टेस्ट झाली, बी१२, थायरॉइड वगैरे रक्ताच्या टेस्ट झाल्या. डाग एमएसच्या जागी होते पण एकही चमकला नाही, म्हणजे वेळ कळेना, म्हणून डॉक्टरांनी पाणी काढायला सांगितलं.

तिथे तिचे मोठे दीर आडवे आले. म्हणे मणक्यात सुई घातली की माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो, ओळखीत कुणाचंतरी झालंय. कुणाचं विचारलं तर नाव नाही. आणि घरातले सगळे गप्प, तिचा नवराही, पोरगी एका डोळ्याने अंधुक बघत स्वयंपाक करतेय आणि टेस्ट पुढे पुढे चाललीय! मी ठाण्याहून जाऊन भांडले तेव्हा कुठे झाली. अहो, मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो, सुई त्याच्या खाली घालतात, तिथे नुसत्या नसांचे धागे पाण्यात तरंगत असतात. तिला नंतर डोकं दुखलं, उठून बसलं की जास्त, आडवं झालं की कमी, ते होतं काही जणांना आणि जातं. पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड (टेस्टमध्ये दिसणाऱ्या अँटिबॉडींच्या पट्ट्या) निघाले, त्याच वेळी घेतलेल्या रक्तात नव्हते. एमएस ठरवायच्या २०१७ च्या मॅकडोनाल्ड निकषांत असे बँड वेळेचा पुरावा म्हणून धरतात, त्यामुळे पुढच्या अटॅकची वाट न बघता औषध सुरू झालं. दीर आजही म्हणतात त्या सुईमुळेच तिचा पाय गेला. पायाच्या मुंग्या पहिल्याच केसपेपरवर लिहिलेल्या आहेत, सुईच्या कितीतरी आधीच्या.

मी डॉक्टर नाही. तुमचा एखादा डाग चमकलेला असेल, बाजूला न चमकणारे जुनेही असतील, तर कदाचित पाण्याशिवायही ठरेल, तसं स्पष्ट विचारा. बँड आले नाहीत म्हणजे एमएस नाही असंही नसतं. औषधाआधी अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग या अँटिबॉडी बघायच्या का तेही विचारा, कारण एनएमओसारखे, डोळ्याची नस आणि मज्जारज्जू सुजवणारे आजार असेच दिसतात आणि एमएसची काही औषधं त्यांत उलटतात. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सुईच्या आधी डॉक्टरांना सांगाच.