नवे इंजिन, जुनी चॅसी आणि घरी घडवलेले माउंटिंग

प्रश्न : माझ्याकडे मागच्या चाकांवर चालणारी, स्वतंत्र चॅसी असलेली जुनी मोटार आहे. मूळ इंजिन दुरुस्तीपलीकडे गेल्यामुळे त्या जागी नंतरच्या काळातील, अधिक ताकदीचे चार सिलिंडरचे इंजिन त्याच्याच गिअरबॉक्ससह बसवण्याचे मी ठरवले आहे. या जोडीसाठी तयार माउंटिंग, म्हणजे इंजिन चॅसीवर धरून ठेवणारे रबरी आधार, मिळत नाहीत. कटाई आणि वेल्डिंग मला येते. माउंटिंग घरीच करावे का? करायचे झाल्यास पत्रा किती जाड घ्यावा?

उत्तर : लोखंडी काम घरी अवश्य करावे, रबर मात्र घरी करू नये. जुन्या टायरचे तुकडे थरावर थर ठेवून त्यांतून बोल्ट आरपार आवळण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. त्या बोल्टमुळे लोखंड लोखंडाला भिडते आणि रबर केवळ शोभेपुरते उरते. एखाद्या प्रचलित गाडीचे, साधारण तेवढ्याच वजनाच्या इंजिनाचे तयार माउंटिंग निवडावे आणि ब्रॅकेट त्याच्या मापाने घडवावेत. पुढे कधी रबर बदलावे लागले, तर तो भाग पुन्हा मिळण्याचीही सोय राहते.

पत्र्याची जाडी सगळे आधी विचारतात, पण माउंटिंगवर कोणता भार कोणत्या दिशेने येतो हे आधी ठरवायला हवे. इंजिनाचे वजन हा त्यातला सोपा भाग आहे. समजा, इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, १५० न्यूटन-मीटर आहे आणि पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.६ आहे. गिअरबॉक्स इंजिनालाच जोडलेला असल्यामुळे पहिल्या गिअरमध्ये ही सगळी जोडी उलट दिशेने पिळण्याचा प्रयत्न ५४० न्यूटन-मीटरने होतो. पुढच्या दोन माउंटिंगमधील अंतर अर्धा मीटर धरले, तर एका बाजूवर सुमारे ११० किलो भार वाढतो आणि दुसऱ्या बाजूवरून तेवढाच कमी होतो. त्या बाजूवर वजनाचा वाटा ७०-७५ किलोच असेल, तर ती बाजू दबलेली न राहता वर ओढली जाते. पुढून पाहता इंजिन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल, आणि बहुतेक इंजिने तशीच फिरतात, तर ही उचलली जाणारी बाजू चालकाच्या डाव्या हाताची असते. क्लच झटक्याने सोडल्यास हे आकडे आणखी वाढतात.

रबर दाब उत्तम सहन करते, पण लोखंडी पट्टीला चिकटवलेल्या रबराला ताण सोसत नाही. ते पट्टीपासून सुटते. १९६० च्या दशकातील शेवरोले गाड्यांमध्ये नेमके हेच होत होते. रबर सुटले की इंजिन उचलले जाई, त्यासरशी ॲक्सिलरेटरची जोडणी ओढली जाऊन इंजिनाचा वेग वाढे आणि ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरची नळीही निखळू शकत असे. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सला सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि इंजिन उचलले जाऊ नये म्हणून तारेचा दोर बसवून द्यावा लागला. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे, की रबर पूर्ण फाटले तरी इंजिन जागेवरून निघू नये अशीच रचना करावी. घरच्या कामासाठी बुशाचा (नळीत बसणाऱ्या, मधे भोक असलेल्या गोल रबरी तुकड्याचा) प्रकार मला सर्वांत सुरक्षित वाटतो. त्यात चॅसीवर नळीचा तुकडा वेल्ड करतात, त्यात रबरी बुश दाबून बसवतात आणि इंजिनाच्या ब्रॅकेटचे दोन कान बाहेरून धरून बुशातून बोल्ट आरपार घालतात. रबर संपले तरी बोल्ट नळीतच अडकून राहतो. बुश मात्र वेल्डिंग पूर्ण होऊन नळी थंड झाल्यावरच दाबावा.

आता इंजिनाची जागा. जुन्या माउंटिंगच्या ठिकाणांचा मोह धरू नये. आधी इंजिन कुठे बसते ते पाहावे, मग त्याखाली ब्रॅकेट आणावा. गाडी चाकांवर, नेहमीच्या उंचीवर आणि सपाट जमिनीवर उभी असावी. इंजिन लाकडी ठोकळ्यांवर टेकवताना ऑइल चेंबर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, पंखा आणि स्टार्टर हे सारे त्यावर बसवलेले असावे, कारण नडतात नेमके हेच भाग. स्टिअरिंगचे दांडे दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावेत, बॉनेट लावून पाहावे आणि भोवताली किमान १५ मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी. गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा (मागच्या चाकांमधील गिअरच्या पेटीचा) पिनियन शाफ्ट समांतर हवेत, आणि या दोहोंना जोडणाऱ्या लांब प्रॉपेलर शाफ्टशी होणारे त्यांचे कोन सारखे व साधारण ३ अंशांच्या आत हवेत. कोन अगदी शून्यही नको, कारण मग प्रॉपेलर शाफ्टच्या टोकांच्या सांध्यांमधील (युनिव्हर्सल जॉइंटमधील) सुईसारखी बारीक बेअरिंगे एकाच जागी झिजतात. हे साधल्याशिवाय वेल्डिंगचा एक टाकाही घालू नये.

त्यानंतर पुठ्ठ्याचा नमुना कापावा. अशा इंजिनासाठी ५ ते ६ मिलिमीटर जाडीचे साधे पोलाद पुरते. पण सपाट पट्टीवर भिस्त न ठेवता तिला त्रिकोणी आधार द्यावा किंवा तिची पेटी करावी. बिनआधाराची ८ मिलिमीटरची पट्टीही वाकत-वाकत शेवटी वेल्डच्या कडेला तडकते. ब्लॉकवर मूळ माउंटिंगसाठी जेवढी भोके असतील तेवढी सर्व वापरावीत आणि मजबुतीच्या ८.८ किंवा त्यावरील दर्जाचेच (डोक्यावर तसा आकडा असलेले) बोल्ट घ्यावेत. बीडाच्या ब्लॉकवर थेट वेल्डिंग करू नये. पोकळ चॅसीतून बोल्ट न्यायचा असेल, तर आत नळी वेल्ड करावी, नाहीतर आवळताना चॅसीच चेपते. पूर्ण वजन बसून रबर स्थिरावल्यावरच बोल्ट शेवटचे आवळावेत. १०० किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासावेत, आणि ब्रॅकेटला पांढरा रंग द्यावा म्हणजे तडा लगेच दिसतो.

इंजिन बदलल्याची नोंद आपल्याकडील नोंदणी खात्यात आणि विमा कंपनीकडे करून घेणे ओघाने आलेच.

प्रश्न : माझ्याही गाडीत असेच बदललेले इंजिन आहे. रबर वारंवार फाटते म्हणून फक्त डाव्या बाजूला पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे) माउंटिंग बसवावे, असे मिस्त्री सुचवतात. ते योग्य ठरेल का?

उत्तर : तसे करू नये. तीनपैकी (पुढचे दोन आणि मागे गिअरबॉक्सखालचा एक) एकच आधार कडक केला, तर इतरांचाही भार तोच घेतो आणि काही काळाने त्याचा ब्रॅकेट तडकतो. बदलायचे तर सगळे बदलावेत. मात्र त्याची किंमत आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना, मोजावी लागेल. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे मिनिटाला ७५० फेऱ्यांना (आरपीएम) सेकंदाला २५ धक्के बसतात. रबरावरील इंजिनाची स्वतःची डोलण्याची गती सेकंदाला १७ च्या खाली असेल तरच हे धक्के चॅसीपर्यंत पोहोचताना कमी होतात. १० च्या आसपास असल्यास उत्तम, आणि त्यासाठी इंजिनाच्या वजनाने रबर दोन-तीन मिलिमीटर दबावे लागते. पॉलियुरेथेन सहसा इतके दबत नाही, त्यामुळे ती गती २५ च्या जवळ सरकते आणि आरसा, डॅशबोर्ड, दरवाजे सगळेच थरथरू लागतात. आपले रबर वारंवार का फाटते, हे आधी शोधावे. ते तेलाने फुगले आहे का, एक्झॉस्टच्या उष्णतेने कडक झाले आहे का, की बसवतानाच पिळले गेले आहे, ते पाहावे. उष्णता हे कारण असेल, तर मधे पत्र्याचा एक आडोसा पुरतो.

प्रश्न : नवी माउंटिंग बसवल्यापासून स्टार्टर मंद फिरतो आणि क्लचची केबल गरम होते. माउंटिंगचा याच्याशी संबंध असेल का?

उत्तर : आहे. रबरामुळे इंजिन चॅसीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेले असते, आणि दोहोंना जोडणारी अर्थिंगची जाड पट्टी काम करताना काढलेली किंवा रंगावरच आवळलेली असावी. त्यामुळे स्टार्टरचा शेकडो ॲम्पिअरचा प्रवाह क्लचच्या केबलमधून वाट काढतो आहे. दोन्ही टोकांचा रंग खरवडून पट्टी जोडावी आणि इंजिन हलताना ती ताणली जाणार नाही इतकी सैल ठेवावी. भाजलेली केबल आतून चिकटते; तीही बदलून टाकावी.