इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्याचा काळ गायचा म्हणतेस तर
कार्यक्रम आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांपासून सुरू करू नकोस, ती गोष्ट सगळ्यांना पाठ असते. त्यापेक्षा त्या काळचा संगीतकार थॉमस टॅलिस धर. हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी आणि पहिली एलिझाबेथ, चौघांच्याही पदरी त्याने गायन-वादन केलं. गादीवरचं माणूस बदललं की उपासनेची भाषा बदलायची, आणि त्याच्या संगीताची घडणसुद्धा. हेच ऐकवायचं! आधी त्याची एखादी जुनी लॅटिन रचना गा: एकेका अक्षरावर लांबलचक स्वरावली, शब्द सुरांत विरघळलेले. लगेच त्याचीच इंग्रजी रचना ‘इफ यी लव्ह मी’ घे. इथे बराच भाग एका अक्षराला एक सूर असा चालतो, कारण धर्मसुधारकांना शब्द स्पष्ट ऐकू यायला हवे होते. ही रचना चार आवाजांची आहे, तेव्हा तीन साथीदार आधीच गाठून ठेव.

निवेदन थोडक्यात आटप. फार बोललं की गळा कोरडा पडतो आणि पुढची पहिलीच ओळ फसते.

आणि ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ हे जुनं इंग्रजी गाणं हेन्रीने रचलं, असं चुकूनही सांगू नकोस. त्याची पहिली नोंद १५८० ची, हेन्री वारला १५४७ मध्ये. हेन्रीचंच काही हवं असेल तर ‘पास्टाइम विथ गुड कंपनी’ घे, त्याचं हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत आहे.