कॅनडात नवीन आहे. एनएलएल, म्हणजे नॅशनल लॅक्रोस लीग या इनडोअर लॅक्रोसच्या लीगचा अख्खा सीझन फॉलो करण्यासारखा असतो का? क्रिकेट बघणाऱ्याला कंटाळा येईल का?

असतो. आणि कंटाळा येणार नाही. जाळी लावलेल्या दांड्यानं चेंडू फेकत खेळायचं, आणि तीस सेकंदांत गोलवर शॉट गेला नाही तर चेंडू समोरच्याला देऊन टाकावा लागतो, अशा खेळात कंटाळायला वेळ कुठून आणणार?

पण तुम्ही प्रश्नाच्या खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ टाकली आहे: ‘ऐकलंय की यातले खेळाडू इतर दिवशी नोकऱ्या करतात, मग याला प्रोफेशनल कशाला म्हणायचं?’ खरं सांगायचं तर मी त्या ओळीसाठी लिहायला बसले. हेच वाक्य आमच्या भाऊजींच्या, म्हणजे धाकट्या दिरांच्या तोंडून दर गणपतीत, दर दिवाळीत आणि मधल्या प्रत्येक वाढदिवसाला मी ऐकत आले आहे.

आधी तुमच्या कामाचं उरकते. नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरात सुरुवात, एप्रिलपर्यंत साखळी सामने, मग प्लेऑफ, फायनल मे महिन्यात. प्रत्येक संघाचे १८ सामने, त्यातले ९ घरी, आणि जवळजवळ सगळे शनिवार-रविवारच्या आसपास. २०२३-२४ पासून विभाग वगैरे भानगड काढून टाकली आहे, एकच गुणतक्ता, पहिले आठ पुढे. क्वार्टर फायनल एकाच सामन्याची, हरलात की घरी. सेमी आणि फायनल तीनपैकी दोन. तुम्ही ब्रॅम्प्टनला राहता म्हणताय, तर टोरंटो रॉक धरा. नाव टोरंटो असलं तरी २०२१ मध्ये संघानं बिऱ्हाड हॅमिल्टनला हलवलं. मुळात १९९८ साली हा संघ हॅमिल्टनातच ओंटॅरिओ रेडर्स या नावानं सुरू झाला होता, वर्षभरात टोरंटोनं नेला. म्हणजे माहेरी परत आला, एवढंच. २०२४-२५ ला हॅमिल्टनच्या स्टेडियमची दुरुस्ती चालली होती म्हणून सामने मिसिसागात झाले, तेव्हा तिकीट काढताना सामना कुठे आहे ते नीट वाचा.

आता भाऊजी.

२०२४ च्या हिवाळ्यात माझे बाबा मिरजेहून आमच्याकडे आले होते. बाबा बँकेत कॅशियर होते आणि बँकेच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळायचे. नोकरीच मुळी कबड्डीमुळे लागली. दिवसभर नोटा मोजायच्या, कॅश जुळली की सायकल मारत मैदानावर, आणि स्पर्धेला जायचं तर साहेबापुढे रजेचा अर्ज घेऊन उभं राहायचं. २०१४ ला प्रो कबड्डी आली तोवर हा खेळ याच पद्धतीनं जगला. बँका, रेल्वे, पोलीस, कंपन्या यांचे संघ नसते तर लिलावात बोली लावायला खेळाडूच उरले नसते.

तर बाबांना मी रॉक विरुद्ध बफेलो बँडिट्स सामन्याला हॅमिल्टनला नेलं. भाऊजीही आले, कारण तिकीट मी काढलं होतं. बसल्या बसल्या बाबांचा पहिला प्रश्न: “पाय एवढे गार का पडतायत?” म्हटलं, खाली हॉकीचा बर्फ तसाच आहे, त्यावर फळ्या टाकून हिरवा गालिचा अंथरलाय. त्यांना ते फार आवडलं. हा प्रकारच तसा जन्माला आला आहे: १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हॉकीच्या स्टेडियमवाल्यांना उन्हाळ्यात रिकाम्या जागेचं करायचं काय असा प्रश्न पडला, म्हणून मैदानावरचं लॅक्रोस त्यांनी चार भिंतींत आणलं. पुढे हिवाळ्यातली लीग निघाली ती १९८७ साली.

पहिला क्वार्टर बाबा गप्प होते. भाऊजी फोनवर लीफ्सचा, म्हणजे टोरंटोच्या हॉकी संघाचा, स्कोअर बघत होते. इथे खेळ चालू असतानाही गाणी वाजत असतात, चेंडू भिंतीवर आपटतो, पाच जण पाच जणांना दांड्यानं ढकलतायत, गोलकीपर एवढा मोठा की जाळी दिसत नाही. नवख्या माणसाला यातलं काही कळत नाही, तुम्हालाही कळणार नाही, घाबरू नका. दुसऱ्या क्वार्टरला बाबांनी माझ्या दंडाला हात लावला.

“चेंडूकडं काय बघतीस? ती दारं बघ.”

त्यांनी जे पकडलं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. बेंचला दारं असतात. चढाई संपली की चढाईवाले एका दारातून आत पळतात आणि पकडीवाले दुसऱ्या दारातून बाहेर येतात, खेळ न थांबता. ज्या संघाची ही अदलाबदल अर्धा सेकंद उशिरा होते तो तिथेच गोल खातो. “ह्यांची पळापळ दारात चुकतीय,” बाबा म्हणाले, आणि त्यानंतर दहा मिनिटं ते गोल पडायच्या आधी मला सांगत होते की आता पडणार. एकदा चुकले, तेव्हा गोलकीपरला शिव्या दिल्या. मग बफेलोचा डेन स्मिथ चेंडू घेऊन मधे घुसायला लागला. २०१६ मध्ये एका सीझनमध्ये १३७ गुण, म्हणजे गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून, केलेला माणूस तो. तर बाबा उठून उभे राहिले आणि अस्सल मिरजेच्या आवाजात ओरडले, “कडंला घाला त्याला, कडंला!” पुढच्या रांगेतल्या नारिंगी जर्सीवाल्या बाईंनी मागे वळून अंगठा दाखवला. बफेलोहून ही मंडळी गाड्या भरभरून येतात, रॉकच्याच घरात रॉकपेक्षा जास्त आवाज करतात, आणि मला त्यांचा मनापासून राग येतो.

सामन्यानंतर खेळाडू सह्या करायला थांबले. एकाची बोटं टेपनं बांधलेली, कोपरापासून मनगटापर्यंत काळंनिळं. बाबांनी मला भाषांतर करायला लावलं. प्रश्न एकच: “याला रजा कोण देतं?” तो हसला. म्हणाला, मी अग्निशमन दलात आहे, सहकाऱ्यांशी पाळ्या बदलून घेतो, उन्हाळ्यात त्यांच्या पाळ्या फेडतो. बाबांनी मान हलवली. “आमच्या साहेबानं असं करू दिलं नसतं.”

परतताना गाडीत भाऊजी म्हणाले, “म्हणजे हौशीच की.”

मागच्या सीटवरून बाबा: “म्हणजे मीही हौशी काय?”

“नाही काका, तुमची गोष्ट वेगळी.”

वेगळी कशी, ते भाऊजींनी अजून सांगितलेलं नाही.

त्या सीझनला रॉक १८ पैकी १५ जिंकून तक्त्यात पहिले आले आणि सेमीफायनलला बफेलोनंच घरी बसवलं. २०२२ आणि २०२३ सारखंच. बफेलोनं पुढे कप उचलला. २०२३, २०२४, २०२५, ओळीनं तीन. गोलमध्ये चाळिशी ओलांडलेला मॅट विन्स. सोडा.

माझं म्हणणं असं आहे की नोकरी हा या खेळाचा डाग नाही, आणि सीझन समजून घ्यायचा असेल तर तिथूनच सुरुवात करावी लागते. करार असतो, ड्राफ्ट, म्हणजे नवे खेळाडू पाळीपाळीनं निवडायची पद्धत, असते, पैसे मिळतात, फक्त त्यात घर चालत नाही. म्हणून कॅल्गरी किंवा सॅन डिएगोकडून खेळणारा मुलगा राहतो ओंटॅरिओत, आठवडाभर शाळेत शिकवतो, शुक्रवारी विमानात बसतो आणि रविवारी परत येतो. अख्खा संघ एकत्र सराव किती करणार? त्यामुळे डिसेंबरातला खेळ विस्कळीत असतो. पास चुकतात, वर सांगितलेली दारातली पळापळ चुकते. डिसेंबरातल्या तक्त्यावरून कुणालाही मोडीत काढू नका आणि कुणाला डोक्यावरही घेऊ नका. मार्चमध्ये खरा संघ दिसतो. दुसरं, वेळापत्रकात लागोपाठ दोन रात्री दोन शहरांत सामने असलेला संघ शोधा. दुसऱ्या रात्रीच्या चौथ्या क्वार्टरला त्यांचे पाय बघा. तिसरं, दुखापत म्हणजे इथे फक्त सामना हुकणं नसतं, सोमवारची नोकरीही असते. तरीही हे लोक शॉट अंगावर घेतात. चेंडू घट्ट रबराचा असतो, टेनिसचा नव्हे.

आणि उन्हाळ्यात तरी आराम? तोही नाही. तेच खेळाडू आपापल्या गावच्या क्लबकडून मॅन कपसाठी, म्हणजे कॅनडाच्या उन्हाळी इनडोअर लॅक्रोसच्या राष्ट्रीय कपासाठी, खेळतात. पीटरबरो, सिक्स नेशन्स वगैरे. हो, तुमच्या ब्रॅम्प्टनचा एक्सेल्सिअर्स नावाचा संघही या कपासाठी खेळलेला आहे, आणि शेजारच्या मराठी घरांत विचाराल तर कुणालाही माहीत नसेल.

सिक्स नेशन्सचं नाव निघालं म्हणून. हा खेळ मुळात हौडेनोसौनी या इथल्या मूळ रहिवासी लोकांचा, युरोपीय लोक इथे यायच्या आधीपासूनचा, त्यांच्यासाठी तो पूजेसारखा. हॅमिल्टनहून थोडं पुढे ग्रँड नदीच्या काठी त्यांची वस्ती आहे, तिथल्या पोरांच्या हातात स्टिक बघितलीत तर आपल्या पोरांच्या हातातली बॅट विसराल. इनडोअरच्या जागतिक स्पर्धेत २००३ पासून २०१९ पर्यंत पाचही वेळा त्यांचाच संघ दुसरा आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत ऑलिंपिक समितीची बैठक झाली, लॉस एंजेलिस २०२८ साठी क्रिकेट घेतलं, आपल्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरले. त्याच ठरावात लॅक्रोसही होतं, हे एकालाही ठाऊक नव्हतं. आणि ज्यांचा खेळ त्यांना समितीचं उत्तर काय, तर तुमची राष्ट्रीय ऑलिंपिक समिती नाही, म्हणून स्वतंत्र संघ नाही. मला हे संतापजनक वाटतं. तुम्हाला नाही वाटलं तरी सीझन बघायला हरकत नाही.

बघायचं कसं: कॅनडात टीएसएन या क्रीडावाहिनीवर असतं. पण पहिला सामना स्टेडियममध्येच बघा, कोपऱ्यातल्या स्वस्त जागेतून, थोडं वरून. काचेला चिकटून बसलात तर दारं दिसत नाहीत. सीझन पास पहिल्या वर्षी घेऊ नका. दोन-तीन सामने बघा, मग ठरवा.

आता ज्या गोष्टी सुरुवातीला सांगायला हव्या होत्या त्या. मारामारी होते. हातमोजे टाकून, ठोशांनी, आणि पाच मिनिटांची पेनल्टी भोगून माणूस परत येतो. लहान मुलं असतील तर आधी मनाची तयारी करा. माझ्या मुलीला तेच सर्वांत जास्त आवडतं, त्याला माझा इलाज नाही. आवाज फार असतो, बाळाला नेऊ नका. बफेलोला जाऊन सामना बघायची हौस आली, आणि येईलच, कारण फायनलला तिथे अठरा-एकोणीस हजार माणसं असतात आणि समोरचा खेळाडू पेनल्टीच्या बॉक्समध्ये गेला की सगळी एका सुरात ‘बॉक्स, बॉक्स’ ओरडतात, तर लक्षात ठेवा, भारतीय पासपोर्टला अमेरिकेचा व्हिसा लागतो, इथलं पीआर, म्हणजे कायम रहिवासाचं, कार्ड चालत नाही. आणि संघावर जीव जडवताना जपून: फोर्टवर्थचा पँथर सिटी २०२४ ला बंदच पडला, न्यूयॉर्कचा संघ त्याच वर्षी उचलून ओटावाला नेला. छोट्या लीगचं हे असंच चालतं. भाऊजींच्या बोलण्यात तथ्य असेल तर एवढंच, पैसा कमी आहे म्हणून बिऱ्हाडं हलतात.

बाकी त्यांच्यासाठी, कारण हे ते वाचणार: या लीगच्या इतिहासात सर्वांत जास्त, ८१५ गोल ज्याच्या नावावर आहेत तो बफेलोचा जॉन टावारेस इकडे मिसिसागात शाळेत गणित शिकवायचा. आता तो त्याच संघाचा प्रशिक्षक आहे. तुमच्या अंगावर लीफ्सची जी टावारेस लिहिलेली जर्सी असते, ती त्याच्या पुतण्याची, काकाचंच नाव घेतलेल्या पोराची. आणि पूर्ण वेळच्या, कोट्यवधी पगाराच्या तुमच्या लीफ्सनी हॉकीचा स्टॅनले कप शेवटचा जिंकला तो १९६७ साली. पाळ्या बदलून खेळणाऱ्या रॉकनी १९९९ पासून सहा कप आणलेत.